परमुलखातले चित्रपट आणि आपला मुलूख

परदेशी चित्रपटांचा विषय निघाला, की नांदेडला काय आणि लातूरला काय, सुशिक्षितांच्या बैठकीतही एक ठरावीक आक्षेप पुढे येतो. ज्या मुलखात पावसाचा भरवसा नाही, सोयाबीनला भाव नाही आणि शिकलेल्या पोराला पुण्याची गाडी धरण्यावाचून गत्यंतर नाही, त्या मुलखाने इराणचे, तुर्कस्तानचे किंवा जपानचे संथ चित्रपट पाहत बसण्याची चैन कोणत्या आधारावर करावी? असे विचारणारी माणसे अरसिक नसतात; भोवतालच्या दुःखाविषयीची प्रामाणिक कळकळच त्यांना असे बोलायला लावते, आणि म्हणून त्यांचा प्रश्न हसण्यावारी नेणे मला शिष्टसंमत वाटत नाही. परंतु परदेशी चित्रपट म्हणजे महानगरातल्या निवांत आणि इंग्रजी जाणणाऱ्या वर्गाचे सोवळे, हे जे गृहीत त्या प्रश्नाच्या बुडाशी आहे, ते मात्र मला मान्य नाही. भूकंपात गाडली गेलेली गावे, आटलेले झरे, रात्री-अपरात्री चालणारे पंचनामे, मुलांकडे चार दिवस राहायला म्हणून गेलेले आणि दोनच दिवसांत नकोसे झालेले आईबाप, या आपल्या नित्याच्या व्यवहारांचा जेवढा सरळ आणि सविस्तर विचार परमुलखातल्या काही थोड्या चित्रपटांत झाला आहे, तेवढा मुंबईतून दरसाल निघणाऱ्या चित्रपटांच्या ढिगात माझ्या तरी पाहण्यात आलेला नाही. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात राहून नरहर कुरुंदकरांनी भरताच्या नाट्यशास्त्राची चिकित्सा केली, तेव्हा गोदाकाठच्या कापूसबाजाराच्या गावाला नाट्यशास्त्राचे प्रयोजन काय, असे कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. मग चित्रपटानेच असे कोणते पाप केले आहे?

भूकंपापासूनच आरंभ करू. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीहून दमून आलेली माणसे गाढ झोपेत असताना, किल्लारी, सास्तूर आणि त्यांच्या पंचक्रोशीत काय घडले, हे या भागातल्या वाचकाला नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. मातीत बसवलेल्या दगडांच्या रुंद भिंती आणि त्यांवरची मातीची जड माळवदे, जी उन्हाळ्यात गारवा देत आणि घराण्याची ऐपत चारचौघांत सांगत, तीच आतल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे गेली, आणि पुढे बावन्न गावे जुनी जागा सोडून नव्या जागी वसवावी लागली. त्या आपत्तीवर अहवाल झाले, जागतिक बँकेचे कर्ज आले, पुनर्वसनाच्या योजनांचे मसुदे मंजूर झाले, आणि भूकंपग्रस्त असल्याचा दाखला हा सरकारी नोकरीच्या अर्जाला जोडावयाचा एक कागद होऊन बसला. एवढे सगळे झाले. पण भूकंपानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस नेमके काय करतो, काय बोलतो, कशावरून भांडतो आणि कशाला हसतो, याची नोंद ठेवणारे दफ्तर आपल्याकडे उघडले गेले नाही.

ते इराणात उघडले गेले. अब्बास किआरोस्तामी या दिग्दर्शकाने १९८७ मध्ये उत्तर इराणातल्या कोकेर नावाच्या डोंगराळ खेड्यात, स्थानिक शाळकरी मुलांना घेऊन, ‘व्हेअर इज द फ्रेंड्स होम’ हा चित्रपट केला होता. तीन वर्षांनी, २१ जून १९९० रोजी मध्यरात्र उलटल्यावर, त्याच प्रदेशात भूकंप झाला आणि तीस हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. आपल्या चित्रपटातली ती मुले जिवंत आहेत की नाहीत, या चिंतेने किआरोस्तामी आपल्या मुलाला मोटारीत घेऊन कोकेरच्या दिशेने निघाला. आणि त्या प्रवासातून जन्मलेला ‘अँड लाइफ गोज ऑन’ हा चित्रपट १९९२ मध्ये, म्हणजे किल्लारीच्या आदल्या वर्षी, जगासमोर आला. कथानक म्हणावे तर एवढेच, की एक बाप आणि त्याचा लहान मुलगा जुनाट मोटारीतून, दरडींनी बंद झालेले रस्ते चुकवीत आणि वाटेत भेटेल त्याला कोकेरचा मार्ग विचारीत जात आहेत.

या प्रवासात त्यांना जी माणसे भेटतात, ती पाहण्यासारखी आहेत. एक म्हातारा शौचकूप पाठीवर घेऊन चढ चढत असतो, कारण मेले ते गेले, पण उरलेल्यांना त्याची गरज उद्याही लागणारच आहे. एका तरुणाने, डझनावारी नातेवाईक दगावलेले असताना, भूकंपाच्या लगोलग लग्न उरकून घेतलेले असते. शोक पाळायचा तर वर्ष जाईल, आणि वर्षभरात पुन्हा काय होईल याची हमी कोणी द्यावी, असा त्याचा हिशेब. तंबूंच्या वस्तीत एक जण दूरचित्रवाणीचा अँटेना उभारण्याच्या खटपटीत आहे, कारण विश्वचषकाचे फुटबॉल सामने चालू आहेत आणि ते चार वर्षांतून एकदाच येतात. बाप त्याला जरा दबकतच विचारतो, की अशा वेळी हे शोभते का, आणि तो तरुण, ज्याच्या घरातली माणसे गेलेली आहेत, काही अपराध केल्याचा आव न आणता उत्तर देतो. मोटारीतला मुलगा तर कपडे धुणाऱ्या एका आईशी, जिची लेक गेली आहे, हे सारे देवाने केले की कसे, यावर वाद घालतो आणि वयाच्या मानाने बरा घालतो. या सर्वांत कोठेही पार्श्वसंगीताचा उमाळा नाही, मृतदेहांचे दर्शन नाही, पुढाऱ्याची भेट नाही. शेवटी ती मोटार एका तीव्र चढावर दम टाकून मागे घसरते, खांद्यावर गॅसची टाकी घेतलेला एक वाटसरू तिला धक्का देतो, मोटार परत वळण घेऊन चढ चढते आणि वर जाऊन त्या वाटसरूला आत घेते. हे सगळे इतक्या दुरून दाखविले आहे, की माणसांचे चेहरेही दिसत नाहीत. ती मुले सापडली का, हे दिग्दर्शक सांगत नाही. ज्याला हा शेवट अपुरा वाटेल त्याच्याशी माझे भांडण नाही. मला स्वतःला मात्र त्या चढावरच्या चार मिनिटांत पुनर्वसन या विषयावरच्या समस्त अहवालांपेक्षा अधिक कळले.

असली माणसे औसा-उमरग्याच्या पट्ट्यातही त्या दिवसांत असलीच पाहिजेत; ढिगाऱ्यातून शिलाईचे यंत्र ओढून काढणारी, छावणीत सोयरिकीच्या गोष्टी करणारी, क्रिकेटचा स्कोअर विचारणारी. भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भूकंपग्रस्त भागातली सुमारे बाराशे मुले पुण्यास नेऊन शिकविली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्या बाराशे मुलांचे पुढे बाराशे मार्ग झाले असतील. त्यांतल्या एका मार्गावरही कोणा दिग्दर्शकाची मोटार गेलेली माझ्या पाहण्यात नाही. किआरोस्तामीने या विषयाचा पिच्छा इतका पुरविला, की त्या नवविवाहित जोडप्याच्या एका प्रसंगावरून १९९४ मध्ये त्याने ‘थ्रू द ऑलिव्ह ट्रीज’ हा आणखी एक चित्रपट रचला. त्यात गवंडीकाम करणारा एक निरक्षर तरुण एका शिकणाऱ्या मुलीला मागणी घालतो, आणि घर नाही म्हणून तिचे लोक नकार देतात. वास्तविक भूकंपाने घर कोणाचेच ठेवलेले नाही. घर असलेल्याने घर नसलेल्याशी आणि शिकलेल्याने न शिकलेल्याशी लग्न करावे, म्हणजे सगळ्यांचेच भागेल, असे त्याचे समाजशास्त्र आहे. हुंड्याचे आकडे आणि नोकरीची प्रतवारी यांवर ज्या जिल्ह्यांत सोयरिकी ठरतात, तिथल्या वधूवर मेळाव्यांत हा चित्रपट सक्तीने दाखवावा असे माझ्या मनात अनेकदा येते.

आणि ज्या पहिल्या चित्रपटापासून ही मालिका सुरू झाली, तो ‘व्हेअर इज द फ्रेंड्स होम’ लातूरकरांनी अवश्य पाहावा. आठ वर्षांच्या अहमदच्या दप्तरात शेजारी बसणाऱ्या मुलाची वही चुकून येते. उद्या गृहपाठ वहीत नसला तर मास्तर त्या मुलाला शाळेतून काढणार आहेत. तेव्हा अहमद घरच्यांचा डोळा चुकवून, डोंगर ओलांडून, दुसऱ्या गावात त्या मित्राचे घर शोधीत हिंडतो. वाटेत त्याचा आजोबा त्याला विडीकाडी आणायला पिटाळतो आणि मग शेजाऱ्याला समजावून सांगतो, की माझ्याजवळ सिगारेटी आहेत, पण पोराला वळण लागावे म्हणून पाठवले. तो पुढे म्हणतो, माझा बाप मला दर आठवड्याला पैसा आणि दर पंधरवड्याला मार देई, पैसा द्यायला तो कधी विसरे, मार द्यायला कधी विसरला नाही. ज्या शहराने ‘लातूर पॅटर्न’ या नावाने महाराष्ट्राला अभ्यासाची शिस्त शिकविली, जिथे ट्यूशन एरियात परगावची हजारो मुले गुणांच्या एका एका अंशासाठी कोवळे वय पणाला लावतात, तिथल्या पालकांना या आजोबाचे तत्त्वज्ञान परके वाटणार नाही. अहमद सरतेशेवटी काय करतो ते मी सांगत नाही. परीक्षेच्या दृष्टीने पाहता तो जे करतो ती शुद्ध कॉपी आहे, आणि तरीही ते पाहताना डोळे भरून येतात, हा त्या चित्रपटाचा मोठा विजय आहे.

आता पाण्याकडे वळू. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूर शहराची तहान भागवावी लागली, त्याच्या आधी पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचा हुकूम लावावा लागला, हा इतिहास अद्याप ताजा आहे. पाणी नसणे हे आपण निसर्गाच्या खात्यावर टाकतो. पाणी असणे आणि ते कोणाला न सांगणे, हा जो मानवी भाग आहे, त्याचा विचार करावयाचा असेल तर क्लोद बेरी या फ्रेंच दिग्दर्शकाचे १९८६ चे जोडचित्रपट, ‘जाँ द फ्लोरेत’ आणि ‘मानों दे सूर्स’, पाहावेत. फ्रान्सच्या दक्षिणेकडल्या प्रोव्हान्स प्रांतातले डोंगराळ, कोरडे गाव. शहरात करवसुलीच्या खात्यात नोकरी केलेला, पाठीला कुबड असलेला जाँ हा वारशाने आलेल्या जमिनीवर बायको-मुलीसह शेती करायला येतो. त्या जमिनीत एक झरा आहे. तो झरा शेजारचा म्हातारा आणि त्याचा पुतण्या या दोघांनी, जमीन आपल्याला स्वस्तात मिळावी म्हणून, जाँ येण्यापूर्वीच सिमेंट घालून बुजविलेला आहे. ही गोष्ट गावात बऱ्याच जणांना ठाऊक आहे, किंवा निदान झरा होता एवढे तरी ठाऊक आहे. पण आलेला माणूस परका, त्यात बैठ्या नोकरीतला आणि पुस्तकी, म्हणून कोणी तोंड उघडीत नाही.

जाँ हा मूर्ख नाही, हेच त्याचे दुर्दैव. त्याने पुस्तके वाचली आहेत, सशांच्या पैदाशीचे आकडे मांडले आहेत, गेल्या अनेक वर्षांच्या सरासरी पर्जन्यमानावर आपल्या शेतीचा अंदाज बांधला आहे. आणि सरासरी ही गोष्ट कागदावर पडते, शेतात पडत नाही, याचा अनुभव त्याला एका उन्हाळ्यात येतो. आणेवारीचे आकडे आणि आपल्या शिवारातले पीक यांचा मेळ कधीच न बसलेल्या शेतकऱ्याला या माणसाची व्यथा विनासायास कळेल. दूरच्या झऱ्यावरून तो पाणी वाहतो, ढगांकडे पाहून परमेश्वराशी भांडतो, आणि शेवटी विहीर खोदण्यासाठी सुरुंग लावतो. आपल्याकडे एकामागून एक बोअर मारून कर्जात बुडालेली माणसे प्रत्येक गावात आहेत. पाणाड्याने दाखविलेल्या जागेवर चारशे-पाचशे फूट खाली फक्त धुरळा निघाल्यावर त्यांच्या मुद्रेवर जे उमटते, ते जेरार दपार्द्यू या नटाने फ्रेंच मुलखात कोठून पाहिले असेल, याचे मला नवल वाटत आले आहे. पुढच्या भागात जाँची मुलगी मोठी होते आणि गावाच्या पाण्याचे मूळ तिच्या हाती येते. त्यानंतर चर्चमध्ये, बाजारात, नगरपालिकेच्या सभेत ज्या चर्चा होतात, त्या ऐकताना आपण प्रोव्हान्समध्ये आहोत की मांजरेच्या खोऱ्यात, असा संभ्रम पडतो: धर्मगुरू पापाकडे बोट दाखवितो, सरकारी तज्ज्ञ न कळणाऱ्या भाषेत भूगर्भ समजावतो, आणि ज्यांना खरे ठाऊक आहे ते मान खाली घालून बसतात. पाण्याचा गुन्हा करणारे दोघे असतात आणि गप्प बसणारे पन्नास. या पन्नासांवर दिग्दर्शकाची नजर खिळलेली आहे, म्हणून मला हे चित्रपट उसाच्या आणि पाणलोटाच्या आपल्याकडल्या वादांत सर्वांनी एकदा पाहून मग बोलावे असे वाटते. मांजरा धरणाच्या पाण्यावर पहिला हक्क कोणाचा, या प्रश्नावर मी येथे फैसला देत नाही. पण त्या प्रश्नावर तालुक्यातली किती जाणती माणसे किती वर्षे मौन पाळून आहेत, हे वाचक जाणतात.

पुढचा चित्रपट सांगतो तो तुर्कस्तानचा, आणि तो वकील, तलाठी, पोलीस पाटील, फौजदार व सरकारी दवाखान्यातले डॉक्टर यांच्यासाठी जणू राखून ठेवलेला आहे. नुरी बिल्गे जैलान याच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन अनातोलिया’ या २०११ च्या चित्रपटात अडीच तासांहून अधिक काळात घडते ते इतकेच, की खुनाची कबुली दिलेला एक आरोपी, त्याने प्रेत कोठे पुरले ते त्याला नीट आठवत नाही म्हणून, रात्रभर माळरानावर फिरविला जातो. बरोबर सरकारी वकील, फौजदार, डॉक्टर, शिपाई आणि खोदकामाला माणसे. प्रत्येक ठिकाणी गाड्यांचे दिवे लावायचे, झाड गोल होते की टोकदार, याची चौकशी करायची, आणि पुन्हा पुढच्या पाणवठ्याकडे जायचे. मधल्या काळात म्हशीच्या दह्याच्या प्रतीवर गंभीर चर्चा होते. आपण कोणाच्या हद्दीत आहोत, यावर खल होतो. प्रेत सापडते तेव्हा ते गुंडाळायची पिशवीच कोणी आणलेली नसते. सरकारी वकील उभ्या उभ्या पंचनामा सांगतो, कारकून तो टंकतो, आणि मृताचा चेहरा एका नामांकित नटासारखा दिसतो असा शेरा त्यात घालावा की नाही, असा पेच पडतो.

ज्यांनी मुखेड किंवा अहमदपूरच्या तहसील कचेरीत एखादा दिवस काढला आहे, त्यांना या चित्रपटाचे विनोद कोणी समजावून देण्याची गरज पडणार नाही. मध्यरात्री ही मंडळी एका खेड्याच्या मुखियाकडे जेवायला थांबतात. पाहुणचार चांगला होतो, आणि पाहुणचाराच्या शेवटी, जे व्हायचे तेच होते, मुखिया आपला अर्ज पुढे करतो. त्याला गावासाठी शवागार हवे आहे. तरुण माणसे सारी परदेशी आणि शहरात गेली; मागे म्हातारे मरतात, आणि लेकरे येईपर्यंत प्रेत ठेवायची सोय नाही. हे तो रडून सांगत नाही, निधीची मागणी जशी करतात तशी करतो. तेवढ्यात वीज जाते, आणि त्याची धाकटी मुलगी कंदील आणि चहाचे पेले घेऊन त्या दमलेल्या, निबर झालेल्या पुरुषांपुढून फिरते. तिच्या चेहऱ्यावरच्या उजेडाने त्या सर्वांची, आरोपीचीही, जी अवस्था होते, तेवढ्यासाठी हा सबंध चित्रपट पाहावा. याला कान महोत्सवात परीक्षकांचे मोठे पारितोषिक मिळाले, हा तपशील मी केवळ ज्यांना शिक्क्याशिवाय कागद खरा वाटत नाही त्यांच्यासाठी देतो.

मुखियाच्या त्या अर्जातले दुःख ज्याला अधिक शांतपणे पाहायचे असेल त्याने यासुजिरो ओझूचा १९५३ चा ‘टोकियो स्टोरी’ पाहावा. ओनोमिची या गावचे वृद्ध दांपत्य टोकियोतल्या मुलांकडे जाते. मुले वाईट नाहीत, फक्त कामात आहेत, आणि आईबापांची अडचण होऊ लागल्यावर त्यांना स्वस्तातल्या स्नानस्थळी पाठवून देतात, जिथे रात्रभर चाललेल्या गोंगाटाने म्हाताऱ्यांना झोप लागत नाही. नांदेड-पनवेल गाडीतून पिंपरी-चिंचवडच्या दोन खोल्यांत उतरणारी आणि ‘गावाकडे जनावरांचे कोण बघणार’ अशा सबबीवर लवकर परतणारी माणसे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. शिक्षकांनी झांग यिमोचा ‘नॉट वन लेस’ हा १९९९ चा चिनी चित्रपट पाहावा. खडू मोजून वापरणारी तेरा वर्षांची बदली मास्तरीण कामासाठी शहरात गेलेल्या एका पोराच्या शोधात ते शहर पालथे घालते. ऊसतोडीच्या हंगामात रिकाम्या पडणाऱ्या वर्गांपुढे उभे राहणाऱ्या गुरुजींना आणखी काही सांगायला नको.

हे चित्रपट पाहावेत कोठे, हा प्रश्न उरतोच. घरोघरी मोबाइल झाले, पैसे भरून पाहण्याच्या सोयी झाल्या. त्यांविषयी मी अधिक लिहीत नाही, कारण एकट्याने अंथरुणात पडून हाताच्या पंज्यावर पाहिलेला ‘अनातोलिया’ हा पाहिला असे मी मानत नाही. छत्रपती संभाजीनगरला अजिंठा-वेरूळच्या नावाने महोत्सव भरतो, अलीकडे लातुरातही महोत्सव भरू लागले, ही संतोषाची गोष्ट आहे. परंतु महोत्सव ही जत्रा आहे. चार दिवसांत वीस चित्रपट पाहून माणूस दमतो, आणि देवणी, बिलोली, किनवट येथला माणूस तेवढ्यासाठी मुक्कामाला येत नाही. खरी अडचण तर भाषेची आहे. चित्रपट फारसी असो वा जपानी, खाली अक्षरे उमटतात ती इंग्रजी, आणि ती वाचता न येणारा रसिक दारातच अडतो.

यावर तोड शेजारच्या कर्नाटकाने पन्नास वर्षांपूर्वी काढली आहे. शिमोगा जिल्ह्यातल्या हेग्गोडू या सुपारीच्या बागांतल्या लहानशा खेड्यात के. व्ही. सुब्बण्णा यांच्या ‘नीनासम’ संस्थेने १९७३ मध्ये चित्रसमाज स्थापन केला आणि जगातले नामांकित चित्रपट शेतकरी-मजुरांना, कन्नडातून समजावून देत, दाखविले. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे सतीश बहादूर तिथे चित्रपट-आस्वादाचे वर्ग घ्यायला जात. सुब्बण्णांना १९९१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हेग्गोडूला जे साधले ते उदगीरला का साधू नये, याचे सयुक्तिक कारण मला सापडलेले नाही. उलट आपल्याजवळ कीर्तनाची परंपरा आहे. ज्या श्रोत्याला संस्कृत येत नव्हते त्याला उपनिषदातला विचार निरूपणातून पोहोचविणारे कीर्तनकार ज्या गोदेच्या काठी झाले, तिथे फारसी संवादांचे मराठी निरूपण करणारा एक मराठीचा अध्यापक प्रत्येक तालुक्यात मिळू नये, हे संभवत नाही.

जागाही आहे. १९६७ च्या कायद्याखाली अनुदान घेणारी, अ, ब, क, ड अशा वर्गांत मांडलेली सार्वजनिक ग्रंथालये गावोगाव आहेत. त्यांतल्या कित्येकांची पाळेमुळे निजामी अमलात, जेव्हा वाचनालय हेच मराठी भाषेचे आश्रयस्थान होते, त्या काळात गेलेली आहेत. आज त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी वृत्तपत्रे आणि स्पर्धापरीक्षेची पुस्तके एवढ्यावर व्यवहार चालतो. किआरोस्तामीच्या त्या शाळकरी पोराच्या चित्रपटाची निर्मिती इराणात कोणी केली होती? ‘कानून’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने, जी मुळात मुलांसाठी वाचनालये चालविण्याकरिता १९६५ मध्ये निघाली होती आणि जिने काही वर्षांनी चित्रपटांचा विभाग उघडून किआरोस्तामीला त्यात घेतले. शासन मराठी चित्रपट काढण्यास अनुदान देते; त्यातला अल्पसा हिस्सा चित्रपट दाखविण्याकडे वळवावा, ग्रंथालयांच्या अनुदानात महिन्याकाठी एक चित्रपट, त्याच्या प्रदर्शनाचे रीतसर हक्क आणि मराठी उपशीर्षके एवढी बाब घालावी, आणि ग्रंथपालाला त्यासाठी तीन ठिकाणच्या सह्या गोळा करायला लावू नयेत, एवढीच माझी मागणी आहे.

आरंभ कोणत्या चित्रपटाने करावा, असे कोणी विचारील तर माझी सूचना परदेशाची नाही; देगलूर-धर्माबादच्या शिवेपलीकडची आहे. गौतम घोष या बंगाली दिग्दर्शकाने आपला पहिला कथाचित्रपट १९७९ मध्ये तेलुगूत केला, ‘मा भूमी’. कृष्ण चंदर यांच्या उर्दू कादंबरीवर तो आधारलेला आहे आणि निजामाच्या राज्यातल्या तेलंगणच्या शेतकरी लढ्याची कथा सांगतो. नांदेड त्याच राज्याचा एक जिल्हा होता, लातूर त्याच राज्याच्या उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका. त्या पडद्यावरचे देशमुख, त्यांच्या गढ्या, वेठीला धरलेली माणसे, लमाण तांड्यावरची मुलगी चंद्री आणि तिच्यावर हक्क सांगणारा जमीनदार, यांतले परके असे काहीच नाही, तरीही आपल्याकडे तो चित्रपट पाहिलेला माणूस क्वचित भेटतो. रामय्या नावाचा गडी गाव सोडून हैदराबादला जातो, तिथे कामगार चळवळीत अक्षरे शिकतो आणि परत येऊन उभा राहतो. रझाकारांचा काळ येतो, १९४८ च्या सप्टेंबरात फौजा येतात. इथवर आपला इतिहास आणि तो चित्रपट हातात हात घालून चालतात. पुढे मात्र पोलीस अॅक्शननंतर गावातून पळालेले जमीनदार परततात, आणि ज्या जमिनी शेतकऱ्यांनी वाटून घेतल्या होत्या त्यांचे काय होते, हे तो चित्रपट मुळीच न लाजता दाखवितो.

१७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आपण ध्वजवंदनाने, सत्काराने आणि भाषणांनी साजरा करतो. त्या दिवशी सायंकाळी नांदेडच्या आणि लातूरच्या जिल्हा ग्रंथालयांनी ‘मा भूमी’ मराठी निरूपणासह लावावा, पहिल्या रांगेच्या खुर्च्या रीतीप्रमाणे मान्यवरांसाठी राखून ठेवाव्यात, आणि फौजा गावात शिरल्यानंतरच्या भागात त्यांतल्या किती खुर्च्या भरलेल्या राहतात, ते ग्रंथपालाने दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांना कळवावे.